फणसाचा तांबडा रस्सा

नेदरलँड्समधल्या उइटहॉर्न गावात आमच्या शेजारी राहणारे पाटीलकाका मला कधी नमस्कार करत नाहीत. सायकलला कुलूप लावता लावता विचारतात, "जोशीबुवा, काल जेवायला काय होतं?" मी मुकाट्याने सांगतो, "पिठलं-भात." त्यावर म्हणणार, "झ्याक. पृथ्वीवर तेवढंच ओझं कमी."

आता मी जन्माचा शाकाहारी. आयुष्यात अंडंसुद्धा खाल्लेलं नाही. एकदा वैतागून तसं सुनावलं, तर म्हणाले, "त्यात तुमचं कसलं ओ कर्तृत्व? तुमच्याकडं सोडायला काय नव्हतंच. सोडलंय आम्ही."

हे मात्र खरं. काका पक्के कोल्हापूरचे, मटणाशिवाय त्यांचा रविवार उगवायचा नाही. काकू गेल्यावर घरात दोघंच उरली, ते आणि मुलगी मृणाल. तीन वर्षांपूर्वी ती शिकायला ग्रोनिंगेनला गेली आणि पहिल्याच सुट्टीत येऊन तिनं सांगून टाकलं, की मांस खाण्यापायी पृथ्वी तापतेय, ज्या टेबलावर मटण असेल तिथं मी बसणार नाही. काकांनी त्याच आठवड्यात मटणाचं पातेलं घासूनपुसून सायकलच्या शेडमध्ये नेऊन ठेवलं. तरी पोरीचं येणं कमीच होत गेलं. कधी परीक्षा, कधी मैत्रिणी.

तेव्हापासून त्यांना एकच ध्यास. लहानपणी मृणाल ज्या रश्श्यासाठी वाटी चाटूनपुसून लख्ख करायची, त्याच चवीचा रस्सा फणसाचा करायचा, म्हणजे ती पुन्हा घरी जेवायला येईल. डब्यातला कच्चा फणस आणायचा, कांदा-खोबरं भाजायचं, खिडक्या उघडून सगळ्या गल्लीला ठसका द्यायचा. दर रविवारी मुलीला फोटो जातो. तिकडून हिरव्या पानाचं चित्र येतं. चव कशी झालीय, हे मात्र मला कधी विचारत नाहीत. "तुम्हाला मटणातलं काय कळतंय?"

गेल्या रविवारी मृणाल यायची होती. मलाही बोलावणं होतं. टेबलावर तीन ताटं, तिच्या ताटात तिची लहानपणची स्टीलची वाटी, रश्श्यानं भरून तयार. दीड वाजता फोन आला. काकांनी तो स्पीकरवर घेतला. "सॉरी बाबा, नॉट टुडे. नेक्स्ट मंथ, शुअर."

"येऊ दे की सवडीनं. अभ्यास असतोय," काका मला म्हणाले. मी काहीच विचारलं नव्हतं. तिचं ताट त्यांनी उचललं नाही.

मी रश्श्याचा भुरका मारला आणि नाकाडोळ्यांतून पाणी आलं. काका जेवत नव्हते, माझ्या तोंडाकडे बघत होते. मला फार वाईट वाटलं.

"बुवा," ते हळूच म्हणाले, "आलीय का ओ मटणाची चव?"

"हुबेहूब," मी म्हणालो.

त्यांनी समाधानानं मान डोलावली आणि मृणालच्या वाटीतला रस्साही माझ्या वाटीत ओतला.