धोंडू भावजींनी मेंबरला घातलेलं गाऱ्हाणं

त्या दिवशी देवळाच्या नव्या सभामंडपात कोण कोण व्हतं ते आधी सांगते, मागनं वाद नको. जिल्हा परिषदेचे मेंबर व्हते, मंडप त्यांनीच मंजूर करून दिलेला. सरपंचीण सुनंदा व्हती. सरकारी दवाखान्यातली डॉक्टरीण व्हती, तरणी पोर. तुकाराम गुरव. मी, सगुणा. वाडीतली झाडून सगळी माणसं. आणि माझ्या मालकांचे चुलतभाऊ, आमच्या शेजारच्या घरातले धोंडू भावजी.

भावजी तुम्हाला भेटले तर नाव इचारणार नायत, गाव इचारणार नायत. "तुम्ही निवडून आलेले काय?" एवढंच. नाय म्हणालात की तुमच्याकडं पाठ. एकदा कशेडी घाटात दरड पडून गाड्या अडकल्या, तर हे भर पावसात गाडीगाडीची काच वाजवत गेले. "आत कोण निवडून आलेला हाय काय?" एका ट्रकवाल्यानं चहा पाजलान, म्हणला, "आजोबा, मी तर शाळेतपण कधी पास नाय झालो."

निवडून आलेल्यांकडं त्यांचं काम एकच. नवीन रोगाची लस तपासायची तर धडधाकट माणसांनी आपण होऊन पुढं यावं. त्यांना लस टोचावी, मग डॉक्टरांच्या नजरेखाली तो रोग मुद्दाम द्यावा. लस चालते का नाय ते लगेच कळतं. विलायतेत असं केलं म्हणं. आपल्याकडं पण व्हावं, निवडून आलेल्यांनी वर बोलावं.

"अवो, चांगल्या माणसाला मुद्दाम ताप?" मी म्हणायची.

"वयनी, नवा बांध घातला तर पावसाची वाट बघत बसायचं काय? फुटला तर सगळं भात जातं. त्यापरीस आधीच घागरभर पाणी सोडून बघायचं."

तेवढ्यापुरतं मला पटायचं. मग भांडी घासताना इचार यायचा, बांधाला कुठं दुखतं? परत डोक्यात गोंधळ.

हे वेड त्यांना कोरोनापासून लागलं. आमची पारू, त्यांची बायको, त्यात गेली. खाटेवर घालून डोंगर उतरवली, पोलादपूरला नेली, तिथनं म्हाडच्या मोठ्या दवाखान्यात. परत घरी आलीच नाय. पुढं लस आली. आम्ही सगळ्यांनी टोचून घेतली. भावजी टोचलेला दंड धरून दवाखान्याच्या पायरीवर बसून राहिले. म्हणले, "जरा आधी आली असती." तवापासनं हे चालू.

तर त्या दिवशी मंडपाची पूजा झाली. तुकाराम गुरवानं रिवाजापरमाणं देवाला गाऱ्हाणं घातलान. तो देवापुढं एकेक मागणं बोलतो, आणि दर मागण्याला आम्ही सगळे म्हणतो, "व्हय म्हाराजा!" पोराबाळांना सुखी ठेव, व्हय म्हाराजा. गुराढोरांना राख, व्हय म्हाराजा. जीभ आपोआप चालते, कान ऐकत असतीलच असं नाय.

गुरवाचं संपतंय तोच भावजी नारळ घेऊन उठले आणि देवाकडं पाठ करून मेंबरपुढं उभे राहिले. सूर तोच, गुरवाचा.

"बा मेंबरा, आज ही वाडी तुझ्यापुढं उभी हाय!"

"व्हय म्हाराजा!" आम्ही.

"नवा रोग आला तर लस येळेवर यावी!"

"व्हय म्हाराजा!"

"म्हणून धडधाकट माणसाला लस टोचून तो रोग मुद्दाम द्यावा!"

"व्हय म्हाराजा!"

"तसा कायदा तू वर जाऊन मागावास, आणि माणसं ह्या वाडीतली न्यावीस!"

"व्हय म्हाराजा!" माझा आवाज सगळ्यात मोठा.

मेंबर चाट पडले. "सगळ्यांची तयारी आहे?"

मग जी बोंब उठली! "मला नको, माझी म्हस व्यायला आलीय!" "माझं नाव कुणी घेतलान रे?" गुरव तर रडकुंडीला आला. "मी सवयीनं बोललो, साहेब!" सुनंदा ओरडत व्हती, "हा ठराव नाय! ग्रामसभेत आलेला नाय!"

डॉक्टरीण उठली. म्हणाली, "असं गर्दीनं हो म्हणून नाही चालत. एकेकट्याला सगळं समजावून, धोका सांगून, त्यानं स्वतः हो म्हणावं लागतं. आणि काका, तरुण, निरोगी माणसंच घेतात. तुम्हाला नाही घेणार."

भावजींच्या हातात नारळ तसाच. "मला नाय?"

"नाही, काका."

"पोरं नेणार? पोरांच्या मागं आया हायत." भावजींचा सूर गेला, साधा आवाज राहिला. "मला न्या. जिवाचं बरंवाईट झालं तर माझ्यामागं रडायला कोण नाय. म्हणून तर मी म्हणतोय."

आमची माणसं रडण्यातली नायत, पायाकडं बघत राहिली. मला काय झालं कळलं नाय, मी तिथनंच बोलले, "कोण नाय? मग रोज दोन येळा माझ्या चुलीवरची भाकरी कोण खातो? भूत?"

सगळी हसली. भावजी हसले नायत. माझ्याकडं बघत राहिले, जशी काय मी आत्ताच तिथं आले. मग खाली बसले. "वयनी," म्हणले, "तुम्हाला इचारायचं राहिलंच."

मेंबर म्हणाले, वर बोलतो. बोलले का नाय, ठाऊक नाय. दुसऱ्या दिवशी भावजी परत म्हाडला निघाले, कुठल्या आमदाराला गाठायला. पण आधी माझ्या दारात आले, चपला काढून उभे. "वयनी, मी नाय चालत तर नाय. दुसऱ्यांसाठी बोलतो. जाऊ काय?"

मी म्हटलं, जावा. बरोबर का चूक, मला अजून कळत नाय. पारू आठवली की बरोबर वाटतं, तरणी पोरं दिसली की भ्या वाटतं.

वाचणाऱ्याला एक मागणं हाय. तुमच्या वळखीत कोण मेंबर, आमदार असंल तर त्याला भावजींचं म्हणणं पुरतं ऐकायला सांगा, पटलं तर वर बोलायला सांगा. आणि कधी माणसं घ्यायची येळ आली, आणि कोण म्हणाला माझ्यामागं कोण नाय, तर त्याच्या शेजारणीला एकदा इचारा.