कुंदाच्या पोटात पाऊण तास

झाडं कशी वाढवावीत, हे मला कुणी शिकवू नये! उस्मानपुऱ्यात आमच्या घराच्या पूर्वेला भिंतीलगत सहा फुटांचा एक पट्टा आहे. शेजारच्या आप्पासाहेबांनी दुसरा मजला चढवला आणि तिथलं ऊन कायमचं गेलं.

"व्यंकटराव, तिथं शेवाळाबिगर काय उगवणार नाय," आप्पासाहेब म्हणाले. दौलताबादला त्यांची बारा एकर शेती. त्यामुळं त्यांचं बोलणं म्हणजे कोर्टाचा निकाल!

"कुंद लावतो. सावलीतही वाढतो तो. बघाच तुम्ही!"

आणि वाढला की हो! फांदी वाकायची, मातीला टेकायची, तिथंच मूळ धरायची आणि पुढं निघायची. जणू सातबाऱ्यावर तिचंच नाव लागलंय! तीन वर्षांत झुडूप म्हशीएवढं झालं. गल्लीतल्या बायका गजऱ्यासाठी फुलं मागायला येऊ लागल्या. मी ओंजळभर फुलांवर अर्ध्या तासाचं व्याख्यान द्यायचो. फुकट!

एकच अडचण. हौदात पाणी सोडायचा कॉक झुडपाखाली गेला. आधी मनगटापर्यंत हात घालावा लागे, मग खांद्यापर्यंत.

"अहो, थोडं छाटा ना," आमची सौ. अनसूया म्हणायची.

"कळ्या धरल्यात. आत्ता कात्री लावायची नाही!"

नळाला पाणी आठवड्यातून एकदा, तेही पाऊण तास. त्या शनिवारी हौदाचा तळ दिसत होता आणि रविवारी घरी सत्यनारायण, चाळीस पानं! गल्लीत "पाणी आलं!" अशी आरोळी उठली, तसा मी ऐटीत झुडपात शिरलो. डोकं गेलं, खांदे गेले, कॉक चार बोटांवर राहिला... आणि बनियन मागून फांदीत अडकलं. पुढं जाता येईना, मागं येता येईना!

वरच्या गॅलरीतून आप्पासाहेबांच्या आईला, भागूबाईंना, फक्त माझे दोन पाय दिसले.

"आप्पा, पळ रं! व्यंकटराव पडलं!"

आप्पासाहेबांनी भिंतीवरून उडी मारली आणि माझे पाय धरून ओढायला सुरुवात केली. अख्खं झुडूप थरथरलं.

"हलवू नका!" मी आतून ओरडलो.

"मणका गेला वाटतं!"

"अहो, कळ्या! कळ्या!"

"वहिनी, यान्ला कळा याय लागल्यात! अँब्युलन्स बोलवा!"

"कळा? छातीत का हो?" अनसूयेनं रडायलाच सुरुवात केली.

'कळ्या'मधला 'य' खणखणीत म्हणावा म्हणून मी आ वासला, तर तोंडात पाला गेला. बाहेर पडलं ते नुसतं "घ्घ्घ्!"

"वाचा बी गेली!" भागूबाईंनी वरून जाहीर केलं.

मग आप्पासाहेबांनी घरातून कोयता आणला. सपासप! सपासप! अँब्युलन्सवाले स्ट्रेचर घेऊन धावत आले, तेव्हा गुडघाभर खुंटांमध्ये फाटक्या बनियनवर मी बसलो होतो. अंगावर एक ओरखडा नाही!

"पाणी!" अनसूया एकदम किंचाळली.

जमलेल्यांपैकी तिघांनी माझ्या तोंडाला तीन पेले लावले.

"यांना नाही हो! नळाचं!"

कॉक आता लख्ख दिसत होता. मी झडप घालून फिरवला. फुस्स! नुसती हवा. पाऊण तास संपला होता.

शेवटी आप्पासाहेबांनी आपल्या हौदातून भिंतीवरून पाइप टाकला, तेव्हा कुठं सत्यनारायण पार पडला. चाळीसही पाहुण्यांनी प्रसादाबरोबर माझ्या कळांची हकीगत ऐकली. भागूबाईंच्या तोंडून, साभिनय! मी आठ दिवस त्या खुंटांकडं बघत जेवलो नाही. म्हणजे, कमी जेवलो.

पुढच्या थंडीत कुंद दुपटीनं फुलला. अनसूया गल्लीभर सांगत सुटली, "आप्पासाहेबांनी छाटला म्हणून हो!"

छाटणी कुंदाला मानवते, हे मला पहिल्यापासून ठाऊक होतं. माझं म्हणणं इतकंच, की छाटताना मालक आत नसावा!