समितीने निवडायचा अध्यक्ष

सन १९८६ मध्ये अमेरिकेतल्या न्यू जर्सीत, आयसेलिनच्या मराठी मंडळात लोकशाही फार माजली आहे, असं उल्हासचं प्रामाणिक मत झालं. कारण उघड होतं. तो अध्यक्षपदाला उभा राहिला आणि सपशेल आपटला. पिकनिकला हात वर करून मतदान झालं, आणि त्याच्या अगोदर प्रतिस्पर्धी गुरुदत्तच्या घरचा मसालेभात वाढला गेला होता. हात वर झाले तेव्हा बऱ्याच हातांना शितं चिकटलेली होती.

उल्हास तेव्हा अमेरिकन नागरिकत्वाच्या परीक्षेचा अभ्यास करत होता. पुस्तकात त्याला घबाडच सापडलं. पूर्वी इथे सिनेटर जनता निवडत नसे, राज्याचं विधिमंडळ निवडायचं! जेवणावर मत देणारा माणूस या देशाने फार आधी ओळखला होता, असा सोयीस्कर अर्थ उल्हासने लावला.

पुढच्या सभेत त्याने ठराव मांडला. सभासदांनी फक्त समिती निवडावी आणि अध्यक्ष समितीने निवडावा. आतून बटाटेवड्यांचा वास सुटला होता, त्यामुळे ठराव चर्चेविना पास झाला. कुणाची मनं दुखायला नकोत म्हणून समितीत चार पुणेकर आणि चार मुंबईकर घेतले. अख्खा हॉल इंजिनियरांनी भरलेला, पण आठाचे दोन सारखे भाग पडतात हे एकाच्याही डोक्यात आलं नाही.

पुण्याच्या उल्हासने लगेच नागपूरला सासऱ्यांना फोन लावला. "बाबा, दिवाळीला याच. मंडळाची समई तुमच्या जावयाच्या हातून लागणार!"

पहिल्या सभेत मतं पडली चार-चार. दुसऱ्या सभेतही तेच. सभा एका रविवारी उल्हासकडे, पुढच्या रविवारी मुंबईच्या गुरुदत्तकडे. मंडळी लांबून ड्राइव्ह करून येणार, म्हणजे जेवण आलंच.

समितीतल्या ज्येष्ठ सुमित्राकाकू वाटी चाटूनपुसून म्हणाल्या, "श्रीखंड फर्स्ट क्लास गं, सुनेत्रा! पण मत असं घाईत चेंज करता येत नाही. पुढच्या वेळी अळूवडी कर, मग बघू."

"मी काय खानावळ उघडलीये?" पाहुणे गेल्यावर उल्हासची बायको सुनेत्रा त्याच्यावर कडाडली. "तुला एक खुर्ची हवी, म्हणून मी आठ पानं वाढायची?"

हायस्कूलमधली त्यांची मुलगी सीमा टीव्हीवरची नजर न काढता म्हणाली, "डॅड, दे चेंज्ड दॅट रूल. नाइन्टीन थर्टीन. लेजिस्लेचर्स केप्ट फायटिंग अँड सीट्स स्टेड एम्प्टी."

उल्हासने धावत जाऊन पुस्तकाचं पुढचं पान उलटलं. कार्टी खरं बोलत होती: विधिमंडळं भांडत बसायची, सिनेटच्या जागा रिकाम्या राहायच्या, म्हणून १९१३ साली निवड जनतेकडे गेली होती.

त्याने तातडीने थेट मतदान परत आणण्याचा ठराव मांडला. समितीने तो आठ विरुद्ध शून्य मतांनी फेटाळला. तिचं एकमत झालं ते एवढ्या एकाच विषयावर.

दिवाळी आली. कार्यक्रमाला लागणाऱ्या शाळेच्या हॉलच्या बुकिंगवर सही करायला अध्यक्षच नव्हता, म्हणून शाळेने हॉल बिंगोवाल्यांना देऊन टाकला. आणि सासरे श्रीरामपंत जावयाचा मानमरातब पाहायला कोट घालून विमानातून उतरले. उल्हासला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण तेवढ्यात त्याची ट्यूब पेटली.

"बाबा ना पुण्याचे, ना मुंबईचे! निर्णायक मत त्यांनी द्यावं!"

गुरुदत्तने अट घातली की पंतांनी आधी दोन्ही घरी जेवावं. अट रास्त होती. पंत दोन्हीकडे जेवले, आग्रहाने जेवले. मग समिती जमली. उल्हास खुर्चीत ऐटीत सरसावून बसला. सासरा झाला तरी बापासारखाच, तो काय जावयाला पाडणार?

श्रीरामपंतांनी तृप्त ढेकर दिली.

"जावईबापू, दोन्ही बाजूंत तथ्य आहे. विषयाचा सखोल अभ्यास व्हायला हवा. आणि माझा व्हिसा चांगला मेपर्यंत आहे."

समितीने टाळ्यांचा कडकडाट केला.

तर वाचकहो, येत्या रविवारी पुन्हा सभा आहे. कारभार पारदर्शक हवा म्हणून या वेळी निरीक्षकांनाही आमंत्रण आहे. तुम्हीही या. अध्यक्ष कोण व्हावा, याबद्दल तुमचं काय मत? बरं, राहू द्या. तुम्हाला नक्की काय विचारायचंय ते कळलं मला. पुरणपोळी आहे.