कंडक्टरचा पहिला शब्द

प्रवाशाने नुसता प्रवास करून भागत नाही. त्याच्या हातून कुणाचे तरी भले व्हावे लागते, आणि तेही गाडी सुटायच्या आत. तलाव पाहून झाला, होडीत बसून झाले, जेवणही उरकले, की प्रवाशाच्या छातीत एक हुरहुर दाटून येते. (काही जण तिला अपचन म्हणतात. ते हलक्या मनाचे लोक.) ही हुरहुर शमवता यावी म्हणूनच जागोजागी सेवाभावी संस्था निघाल्या असाव्यात.

त्या गावातली संस्था सायकलच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत होती. अर्धांगाच्या झटक्याने ज्यांची वाचा गेली त्यांना पुन्हा बोलायला शिकवायचे, एवढाच तिचा उद्योग. साहित्य म्हणजे एक आरसा, फुंकर मारायला मेणबत्त्या, चित्रांचे पत्ते आणि बाई. बाई चांगल्या होत्या. हे आधीच सांगून टाकलेले बरे, कारण पुढे तसे वाटणार नाही.

कंडक्टर तिथे आला तेव्हा त्याच्या तोंडून फक्त 'ब' निघायचा. उभा जन्म ज्याने "पुढे सरका, पुढे अख्खं मैदान मोकळं आहे!" असे ओरडत भरलेली गाडी आणखी भरली, त्याला आता बायकोकडे चहा मागता येत नव्हता. बायको रोज त्याला धरून जिना चढवायची. बाईंनी त्याच्याकडून मेणबत्त्या विझवून घेतल्या, आरशासमोर ओठ मिटायला लावले, उघडायला लावले, आणि एका शनिवारी, तलावावरून आलेली एक सहल चुकून वर आली असताना (ते लोक मोरी शोधत होते), कंडक्टर म्हणाला, "पाणी."

हा शब्द अगदी खरा होता. बायको रडली, बाई रडल्या, सहल रडली. एका मावशींनी आपल्या बाटलीतले पाणी त्याला पाजले आणि बाकीच्यांनी ते पाजताना मावशींचे फोटो काढले. जाताना त्यांनी दानपेटी अशी भरली की गळके छप्पर दुरुस्त झाले.

दुसऱ्या दिवशी सहलवाला आला. "बाई, हे दर शनिवारी जमेल?"

"अहो, पहिला शब्द एकदाच येतो."

"तो तुमच्यासाठी. माझी माणसं दर शनिवारी नवीन असतात."

या बोलण्यात चूक कुठे आहे ते बाई शोधू लागल्या. पण छप्पर गळायचे थांबले होते, त्यामुळे ती सापडली नाही.

सहलवाला गाडीतच प्रवाशांना आचारसंहिता ऐकवी. संस्थेत शिरताना आवाज खाली आणावा. लाभार्थ्याच्या डाव्या खांद्यावर हात ठेवावा (खिडकी त्या बाजूला आहे, उजेड चांगला येतो). अश्रू आल्यास फोटो होईपर्यंत पुसू नयेत. लाभार्थ्याला दुसरा शब्द विचारू नये. हे शेवटचे कलम निव्वळ खबरदारीचे होते. दुसरा शब्द आजवर कुणी विचारलाच नव्हता. सहलवाल्याने केलेल्या पाहणीत शंभरातल्या ब्याण्णव प्रवाशांना संस्थेत आत्मिक समाधान लाभल्याचे आढळले. उरलेल्या आठांना चपला सापडल्या नाहीत.

कंडक्टर कबूल झाला. ज्या बाईंनी जीभ परत दिली त्यांनी ती आठवड्यातून एक तास मागितली, तर नाही कसे म्हणायचे? तोवर तो बोलायलाही चांगला लागला होता. जोडाक्षरेसुद्धा त्याला जमत होती. पण शनिवारी तो खुर्चीत बसे, ओठ थरथरवी, डोळे मिटी आणि घामाघूम होऊन "पाणी" म्हणे. एकदा घाई होती म्हणून त्याने लवकर म्हटले, तर सहलवाला रागावला. एवढ्या लांबून आलेल्या माणसांना यातनेत काटछाट चालत नाही.

मग असे ध्यानात आले की प्रवासी नंतर बाजारात फिरतात. तेव्हा शनिवारी त्याने रस्त्यातही चकार शब्द काढू नये असे ठरले. प्रवासी शुक्रवारपासून मुक्काम करू लागले, तेव्हा शुक्रवारही गेला. पुढे सुट्ट्यांचा हंगाम आला आणि कंडक्टर चहाच्या टपरीवर बोट दाखवू लागला. सवयीने घरीही दाखवू लागला.

"अहो, आजारी होतात तेव्हा निदान बोलायची धडपड तरी करत होतात," बायको म्हणाली. "आता बरे होऊन मूग गिळून बसलाय. मी काय भिंतीशी बोलू?"

त्यातच बसस्थानकाच्या साहेबांचा निरोप आला. गाड्यांची नावे पुकारायला माणूस हवा होता, आणि कंडक्टरचा आवाज त्यांना ठाऊक होता. त्या निरोपाने कंडक्टर मोहरून गेला. पुन्हा माणसे त्याच्या आवाजावर उठणार, धावणार, गाडी पकडणार! तो धावतच बाईंकडे गेला.

बाई पदराला हात पुसत राहिल्या. "सहली तिथेच तर उतरतात हो. तुमचा आवाज सगळ्यांच्या कानी पडेल. एवढा हंगाम जाऊ द्या."

हंगाम गेला आणि दुसरा आला. साहेबांनी अखेर सांगितले, "सोमवारी ये, नाहीतर मी दुसरा बघतो."

त्याच्या आदल्या शनिवारी खोली गच्च भरली होती. कोपऱ्यात आरशापाशी शिंपीणबाई बसली होती. तिची वाचा गेली त्याला बरेच दिवस झाले होते, पण तिच्याकडून सराव करून घ्यायला हल्ली बाईंना फुरसत नसे. शनिवारची तयारी शुक्रवारीच सुरू होई. म्हणून कंडक्टरच तिला अधूनमधून पत्ते दाखवी. आजही तिच्या हातात रिळाचे चित्र होते.

कंडक्टरने डोळे मिटले. फोन वर झाले. बाटल्यांची टोपणे उघडून तीन बायका तयार उभ्या राहिल्या. आणि त्या शांततेत कोपऱ्यातून आवाज आला, "दो... रा."

टोपी घातलेल्या एका गृहस्थांनी मान वळवली. "आजी, शू! जरा गप्प बसा. यांचं होऊ दे."

कंडक्टर खुर्चीतून उठला आणि चालती गाडी जागच्या जागी उभी करणाऱ्या आवाजात ओरडला, "थांबा! ओ टोपीवाले, फोन खाली घ्या! तिकडे वळा सगळे. ती बोलली. आत्ता, तुमच्यासमोर बोलली, आणि तुम्ही तिला गप्प बसवलंत!"

टोपीवाले म्हणाले, "अहो, हा तर बोलतो!"

"म्हणजे फसवलं की आपल्याला," एक बाई म्हणाल्या आणि त्यांनी बाटलीचे टोपण घट्ट लावले. एक वाक्य शुद्ध, स्पष्ट आणि खणखणीत बोलल्याबद्दल त्या माणसाचा खोलीभर निषेध झाला. माणूस बरा झालेला पाहायला ते आले होते. बरा झालेला माणूस पाहायला नव्हे. या गदारोळात शिंपीणबाई पुन्हा एकदा "दोरा" म्हणाली. ते कंडक्टरने ऐकले. सहलवाल्यानेही ऐकले.

कंडक्टरला त्याच दिवशी लाभार्थी म्हणून अपात्र ठरवण्यात आले. सोमवारी तो स्थानकावर रुजू झाला. आता दर शनिवारी सहलीची गाडी लागल्याचे तोच पुकारतो, प्रवाशांनी आपापल्या सामानाची काळजी घ्यावी असेही सांगतो, आणि घरी गेल्यावर बायकोशी मनसोक्त भांडतो. त्याचे भले झाले.

शनिवारी खुर्चीत शिंपीणबाई बसते. तिचा 'दोरा' त्याच्या 'पाण्या'पेक्षा सरस ठरला आहे: प्रवासी येतानाच दोऱ्याची रिळे आणतात, आणि ती नंतर संस्थेच्या दारात पुढच्या प्रवाशांना विकता येतात. काम सुटल्यावर कंडक्टर रोज जिना चढून तिच्यापाशी पत्ते घेऊन बसतो. परवाच्या मंगळवारी तिला दुसरा शब्द आला. बाईंनी तिला जवळ घेतले, डोळे पुसले आणि म्हणाल्या, "छान! पण हा शनिवारी नको हं."

वाचकहो, आपणही कधीतरी तलाव पाहायला याल, तेव्हा जिना चढून अवश्य वर या. टोपीवाल्यांचा आपल्याला संताप आला असेल, शिंपीणबाई बोलली तिथे घसाही दाटला असेल. त्याबद्दल संस्था आपली ऋणी आहे. आचारसंहिता आपल्याला वेगळी समजावून सांगायची गरज नाही. तिचा दुसरा शब्द कोणता, हे आपणही विचारले नाहीत.