पात्याला पाणी

आजोबांचा घडीचा चाकू गॅलरीत, कुंड्यांच्या मागे, काचेच्या ग्लासात डोकं खाली करून उभा होता. ग्लासातलं पाणी कोऱ्या चहासारखं तांबूस झालं होतं. बिट्टीच्या बाबांनी चाकू उचलला, पातं पाहिलं आणि ते तसेच खाली फरशीवर बसले.

"हे कोणी केलं?"

"मी!" सात वर्षांची बिट्टी छाती पुढे काढून म्हणाली. "मंगळवारपासून रोज करतेय. तुम्ही विसरलात ना, म्हणून."

"काय विसरलो?"

"त्याला पाणी द्यायला! आजोबा म्हणाले नव्हते का, पाणी नीट दिलं नाही तर पातं मरतं म्हणून?"

आजोबा तसं म्हणाले होते, हे खरं. बिट्टीचे बाबा एका कार्यालयाच्या खरेदी विभागात होते. तिथे तुलनातक्ता केल्याशिवाय टाचणीसुद्धा घेत नसत, आणि ती सवय त्यांच्याबरोबर घरी आली होती. दोन महिन्यांपूर्वी त्यांनी खिशात ठेवायला एक घडीचा चाकू घ्यायचं ठरवलं आणि पात्यांच्या पोलादांचा तक्ता करायला घेतला. स्टेनलेस गंजत नाही, पण त्याची धार लवकर जाते. साधं कार्बनचं पोलाद धार धरून राहतं, पण ओलावा सोसत नाही. फार कडक केलं तर धारेचा टवका उडतो, मऊ ठेवलं तर धार वळते. सगळे गुण एका पात्यात मिळत नाहीत, हे एकोणिसाव्या रकान्यापर्यंत पोचल्यावर त्यांच्या लक्षात आलं. शेवटी कंटाळून त्यांनी दुकानातून एक चकचकीत स्टेनलेसचा चाकू आणला.

गेल्या रविवारी सासऱ्यांनी, अण्णांनी, म्हणजे बिट्टीच्या आजोबांनी, तो तक्ता पाहिला. चाळीस वर्षं कारखान्यात हत्यारं घडवलेला माणूस. लग्नाला अकरा वर्षं झाली, पण जावयाच्या हातात त्यांनी कधी साधा पाना टिकू दिला नव्हता. "राहू द्या, राहू द्या, तुमचे हात लिहायचे," असं म्हणून काढून घेत. त्या दिवशी मात्र त्यांनी खिशातून स्वतःचा चाकू काढला आणि चक्क जावयापुढे धरला.

"कागदावर कसली तुलना करताय, जावईबापू? हा घ्या. तुटक्या करवतीतून मी स्वतः घडवलाय. तुमच्या त्या दुकानातल्याशी लावून बघा आणि पुढच्या रविवारी परत द्या. पोलाद कुठलंही असो, खरी गोष्ट पाणी. पाणी नीट दिलं नाही, तर पातं मेलंच समजा."

लाल होईपर्यंत तापवलेलं पातं एकदम पाण्यात बुडवून कडक करायचं, याला कारागीर 'पाणी देणं' म्हणतात. ज्याला हे ठाऊक आहे त्याला यात अवघड काही वाटत नाही. पण त्या वेळी टेबलाखाली चित्रं काढत बसलेल्या बिट्टीकडे घरातल्या बारा कुंड्यांना पाणी देण्याचं काम होतं.

"पण नुसत्या पाण्याने चार दिवसांत इतका गंज?" बाबा क्षीण आवाजात म्हणाले.

"नुसतं नाही काही! मीठ, साखर आणि लिंबू. माझं पोट बिघडलं होतं तेव्हा आईने दिलं होतं ना? मी लगेच बरी झाले."

"मीठ किती घातलंस?"

"दोन चमचे. चाकू लोखंडाचा आहे ना, त्याला चिमूटभर कसं पुरेल?"

शुक्रवार होता. हातात दोन दिवस होते. बाबांनी पॉलिशपेपर आणला आणि तासभर पातं घासलं. गंज गेला, पण खाली देवीच्या व्रणांसारखे खड्डे राहिले. आणखी घासलं. खड्डे राहिले, धार मात्र गेली.

"आता पुरे करा," बिट्टीची आई म्हणाली. "अण्णांना सरळ सांगून टाका."

"काय सांगू? अकरा वर्षांत एक वस्तू दिली, ती तुमच्या नातीने लिंबू-सरबतात बुडवली?"

"माझ्या नातीने?"

"त्यांच्या! मला काही सुचत नाहीये."

पात्यात ओल मुरली असेल, या शंकेने त्यांनी ते गॅसवर धरलं. पातं पिवळसर झालं, मग जांभळं, आणि ते 'अरे अरे' म्हणेपर्यंत मोरपिसासारखं निळं. दिसायला फार सुंदर. त्यांनी पुन्हा धार काढली आणि पुठ्ठ्याचा एक तुकडा कापून पाहिला. धार केळीच्या पानासारखी दुमडली.

शनिवारी सकाळी ते धारवाल्याकडे गेले. त्याने पातं नखावर टेकवलं आणि मान हलवली. "साहेब, तापून याचं पाणी गेलं."

"मी देते ना परत!" बिट्टी म्हणाली.

"तू गप्प बस!" म्हणून बाबांनी खिशातून दुकानातला चाकूही काढला. दोन्ही पाती जवळजवळ एकाच मापाची होती. माणूस बुडायला लागला की त्याला असली मापं लगेच दिसतात. धारवाल्याने दोन्ही मुठींचे खिळे ठोकून काढले आणि पात्यांची अदलाबदल केली. आजोबांच्या जुन्या मुठीत चकचकीत स्टेनलेस बसलं आणि दुकानातल्या मुठीत ते बिचारं मेलेलं पातं गेलं.

घरी येताना बाबांनी बिट्टीला बजावलं, "उद्या आजोबांसमोर पाण्याबद्दल एक शब्द बोलायचा नाही. शप्पथ?"

"शप्पथ."

रविवारी आजोबा आले. जेवताना बिट्टीला उचकी लागली. तिने लाल तोंडाने ग्लास पुढे केला. "आई, मला ते दे."

"ते म्हणजे?" आजोबांनी विचारलं.

"ते. नळात असतं ते."

आजोबांनी नातीकडे पाहिलं, मग जावयाकडे पाहिलं. जावई वरणाच्या वाटीत तोंड लपवायला जागा शोधत होते.

हात धुऊन आजोबांनी आपला चाकू मागितला. मूठ ओळखीची. त्यांनी पातं उघडलं, उजेडात फिरवलं, कागद सर्रकन कापला.

"वा! बघा, जावईबापू. पाणी म्हणतात ते हे. चाळीस वर्षांत एक डाग नाही!"

"हो ना, अण्णा," जावई पुटपुटले. धरणी दुभंगली असती तर ते आनंदाने आत गेले असते.

"आणि हा तुमचा दुकानातला?" आजोबांनी दुसरा चाकू उघडला. त्या निळसर पात्यावर त्यांनी अंगठा फिरवला. एका खड्ड्यावर अंगठा बराच वेळ राहिला. मग त्यांनी चाकू हळूच मिटला आणि खिशात टाकला.

"हा टाकाऊ माल तुमच्याकडे शोभत नाही. मी नेतो. तो चांगला तुम्हाला राहू द्या."

जावयाच्या डोळ्यांत पाणीच आलं. अकरा वर्षांनी सासऱ्यांनी हत्यार हातात ठेवलं होतं, आणि त्यातलं पातं मात्र जावयाचंच, दुकानातलं! "अण्णा," ते कसेबसे म्हणाले, "मला तुम्हाला एक सांगायचंय..."

आजोबा तोवर दारात चपला घालत होते. वाकता वाकता त्यांनी विचारलं, "बिट्टी, मीठ किती घातलं होतंस गं? असे खड्डे मिठानेच पडतात."

बिट्टीने तोंडावर हात दाबून दोन बोटं दाखवली, मग मुठीने लिंबू पिळून दाखवलं.

"चमचे? ठीक आहे. मिठाच्या पाण्यातही बुडवतात पातं. लिंबू मात्र जास्त झालं. आणि आधी लाल करायचं राहिलं तुझं." मग ते जावयाकडे वळले. "तुम्ही तापवलंत आणि पाणी नाही दिलंत. हिने पाणी दिलं, पण तापवलं नाही. पुढच्या रविवारी दोघं माझ्याकडे या. एकत्र करा. आणि तो तक्ता घरी ठेवून या."

"मी... हातात घेऊ अवजार?" जावयांनी विचारलं.

"घ्या. याहून आणखी काय बिघडणार आहे?"

आजोबा जिना उतरून गेले. बाबांनी दार लावलं. बिट्टीने त्यांचा सदरा ओढला.

"बाबा, आता म्हणू का मी पाणी?"

"म्हण."

"मग आधी मला द्या. सकाळपासून मागता येत नाहीये."