आज कोणी वाढायचं नाही

शालूच्या सोयरिकीसाठी हिवरखेडची मंडळी जेवायला आली, आणि खुशालरावांनी घरातल्या बायकांना बजावलं की आज कोणी वाढायचं नाही.

त्या सालात कापसाचा भाव असा चढला होता की खुशालराव अमरावतीला कापूस घेणाऱ्या साहेबाच्या बंगल्यावर जाऊन आले होते. व्हरांड्यातून त्यांनी पाहिलं: सगळं अन्न लांब मेजावर मांडलेलं, ज्यानं त्यानं आपल्या हातानं घ्यायचं. आग्रह नाही. नको म्हटलं की नको. तिथलं पाणीही ते प्यायले नाहीत, रीत मात्र घरी घेऊन आले.

पाहुण्यांनी घेतलंच नाही तर, असं त्यांच्या बायकोनं, मैनाबाईंनी, विचारून पाहिलं.

"ज्याले भूक हाय, तो घेईन," खुशालराव म्हणाले.

चौरंगांवर पुरणपोळ्या, तूप, भजी, कढी मांडली. पाहुणे पत्रावळी धरून भोवती उभे राहिले आणि उभेच राहिले. आपल्या हातानं घ्यायला कोणी दुष्काळातून आलं नव्हतं. कढी निवली. शेवटी खुशालरावांनी मुलाच्या वडिलांना, उत्तमरावांना, पोळी घेता का म्हणून विचारलं.

"नको."

वऱ्हाडात पहिलं नको घसा साफ करण्यापुरतं असतं. खुशालरावांनी मान डोलावली आणि पोळ्यांवर फडकं टाकलं. आपली म्हैस परक्यानं सोडून न्यावी, तसे उत्तमराव त्या फडक्याकडे पाहत राहिले.

कोरड्या हातांवर पाणी घालून झालं. विडे आले.

"मंग पोरीचं पक्कं समजू ना?" खुशालरावांनी विचारलं.

"नको," उत्तमराव म्हणाले.

साहेबाच्या रीतीनं विषय संपला होता. आत शालूच्या हातून वाटी पडली.

मैनाबाई पदर खोचून बाहेर आल्या. त्यांनी पाट मांडून पाहुण्यांना बसवलं, फडकं काढलं आणि उत्तमरावांच्या पुढ्यात दोन पोळ्या नेल्या. उत्तमरावांनी पत्रावळीवर हात आडवा धरला.

"नको, बाई. खरंच नको."

"मंग हातावरच तूप सोडतो," मैनाबाई शांतपणे म्हणाल्या.

हात बाजूला झाला. सातव्या पोळीला खुशालरावांनी धीर करून सोयरिकीचं पुन्हा विचारलं. उत्तमरावांनी भरल्या तोंडानं मान हलवली. नको.

खुशालरावांचा चेहरा पडला. मैनाबाई त्यांच्या कानाशी वाकल्या.

"पुन्हा इचारा ना. पोरगा मांगून राहिलो त्यायले, दोनदा इचारल्यावर कोनी हो म्हन्ते काय?"

खुशालरावांनी हात जोडून तिसऱ्यांदा विचारलं.

"आता तुमी येवढा आग्रह करूनच राहिले तं," उत्तमराव म्हणाले आणि पत्रावळ पुढे सरकवली.