राहिलेल्या गोळ्या

सदानंद खटावकर वारले, पण त्यांच्या बीपीच्या गोळ्या शिल्लक होत्या, म्हणून ते रोज सकाळी न्याहारीनंतर एक गोळी घ्यायला घरी येत.

मिरजेत याचं कुणाला फारसं नवल वाटलं नाही. डॉक्टर मगदूमांनी पहिल्याच भेटीत बजावलं होतं की औषध मध्येच सोडायचं नाही. जिवंतपणी गोळीचं नाव काढलं की सदानंदराव कपाळाला आठ्या घालत. मेल्यावर मात्र माणूस सुतासारखा सरळ झाला. फाटकाची कडी वाजली की त्यांच्या पत्नी, विमलबाई, पेल्यात पाणी ओतत.

दहाव्याला घाटावर पिंडाला कावळा शिवेना. समोरच्या झाडावर कावळ्यांची सभा भरली होती, पण खाली कुणी उतरेना. ताम्हनकर गुरुजींनी रीतीप्रमाणे विचारलं, "काही इच्छा राहिली होती का त्यांची?"

"इच्छा नाही, गोळ्या राहिल्यात," विमलबाई म्हणाल्या.

"मग कावळ्यांची काही चूक नाही," गुरुजी दर्भ गोळा करत म्हणाले. "पाकीट संपलं की कळवा. पुन्हा बसू."

विमलबाईंनी मान डोलावली आणि घरी येऊन दुसऱ्या दिवसासाठी रवा भाजून ठेवला. गोळी उपाशीपोटी घेऊन चालत नाही.

"उप्पिटात मीठ कमी आहे," सदानंदराव रोज म्हणत.

"तुमच्या बीपीसाठीच कमी आहे."

"आता कसलं बीपी?"

"ते डॉक्टर ठरवतील. तुम्ही खा."

एवढा संसार झाला, पण दोघं असे समोरासमोर निवांत कधी बसले नव्हते. पूर्वी गोळी तोंडात टाकली रे टाकली की सदानंदराव आपला बंद पडलेला रेडिओ काखोटीला मारून गच्चीवर जायचे. बंद रेडिओ घेऊन काय करता, असं विचारलं तर म्हणायचे, दुरुस्त करतोय. आता ते चहा होईपर्यंत बसत. विमलबाईही चहाला जरा उशीरच करत.

पाकीट संपत आलं तसा विमलबाईंना घास गोड लागेना. नवरा एकदा गेला ते त्यांनी सोसलं होतं. त्याला दुसऱ्यांदा घालवायची ताकद त्यांच्यात नव्हती. त्या सदानंदरावांना घेऊन डॉक्टरांकडे गेल्या.

डॉक्टरांनी सदानंदरावांच्या दंडाला पट्टा बांधला, हवा भरली, सोडली, पुन्हा भरली.

"काकू, वरचं शून्य, खालचं शून्य. इतकं आटोक्यात आलेलं बीपी माझ्या एकाही पेशंटचं नाही. गोळी बंद."

"पण तुम्हीच म्हणाला होतात, आयुष्यभर घ्यायची."

"आयुष्यभरच म्हणालो होतो, काकू," डॉक्टर हळू आवाजात म्हणाले. "घरात आहेत तेवढ्या संपवा."

विमलबाई उठल्या नाहीत. "आणि एखादी जुनी, घ्यायची राहून गेलेली सापडली तर?"

"तर ती घ्यावी लागेल. पण चुकलेली भरून काढायला दोन एकदम नाही. दिवसाला एकच."

"मुदत उलटलेली असली तर?"

"जिवंत माणसाला मी ती हातात धरू देणार नाही." डॉक्टरांनी सदानंदरावांकडे एकदा बघितलं. "यांना चालेल."

सदानंदराव खुर्चीत चुळबुळले.

घरी येऊन विमलबाईंनी फडताळं, उशांचे अभ्रे, कोटाचे खिसे धुंडाळले. एकही गोळी सापडली नाही. आपण नवऱ्याची एक गोळी चुकू दिली नाही याचा त्यांना केवढा अभिमान होता, आणि आता त्या अभिमानाचाच त्यांना राग आला.

शेवटच्या गोळीच्या दिवशी त्यांनी शिरा केला, साजूक तुपातला. सदानंदरावांनी वाटी चाटूनपुसून खाल्ली, गोळी घेतली आणि उंबऱ्याशी जाऊन थांबले.

"अगं, तेवढा रेडिओ दे. बरोबर नेतो."

"बंद पडलेला?"

"असू दे. सवय आहे."

विमलबाईंनी फळीवरचा रेडिओ उचलला, तर आत खुळखुळ वाजलं. त्यांनी चमच्याच्या दांड्यानं मागचं झाकण काढलं. सेलच्या जागी गोळ्या होत्या. काही पांढऱ्या, काही पिवळट पडलेल्या, चांगल्या ओंजळभर.

"हे काय?"

"कडू लागायच्या," सदानंदराव म्हणाले. "तू एवढ्या काळजीनं द्यायचीस, फेकवेनात. म्हणून ठेवल्या जपून."

नवऱ्यावर विमलबाई आयुष्यात एवढ्या चिडल्या नव्हत्या. "या पोटात गेल्या असत्या तर आज तुम्ही असता."

आहे की, असं सदानंदरावांच्या ओठांवर आलं होतं, पण बायकोच्या डोळ्यांकडे बघून त्यांनी पायात चपला सरकवल्या. त्या दिवशी ते चहा न घेताच निघाले.

"उद्या वेळेवर या," विमलबाई वर न बघता म्हणाल्या.

दुपारी त्यांनी गुरुजींकडे निरोप धाडला, की इतक्यात जमणार नाही, कावळ्यांना ताटकळत ठेवू नका.

दुसऱ्या दिवशी सदानंदराव वेळेवर आले. मीठ कमी असल्याबद्दल अवाक्षर न काढता त्यांनी उप्पीट संपवलं. विमलबाईंनी रेडिओतली एक पिवळट गोळी त्यांच्या तळहातावर ठेवली. त्यांनी ती तोंडात टाकली आणि पेलाभर पाणी प्यायले.

"तोंड उघडा."

असं विमलबाईंनी आजवर कधी सांगितलं नव्हतं. तेवढा विश्वास होता. सदानंदरावांनी तोंड उघडलं.

"जीभ वर करा."

सदानंदराव जरा घुटमळले, मग त्यांनी जीभ वर केली. गोळी खाली तशीच होती.

विमलबाईंनी ती नीट पाहिली.

"गिळलीत," त्या म्हणाल्या आणि रेडिओ त्यांच्या हातात दिला. "जा, गच्चीवर बसा दुरुस्त करत. मी चहा वरच आणते."